पिरॅमिडचं मॉडेल : उंची चुकली, पावसात पुठ्ठाही बसला, कुणीतरी मार्ग सांगा

फोंड्याहून आई

नमस्कार सगळ्यांना. मुलगा सहावीत आहे, इतिहासाच्या प्रोजेक्टला त्याच्या वाट्याला पिरॅमिड आलाय, गिझाचा तो सगळ्यात मोठा, खुफू राजाचा. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या सुट्टीआधी शाळेत द्यायचाय म्हणजे हातात सोळा-सतरा दिवस आहेत. टीचरनी दोनच गोष्टी सांगितल्यात, खालचा पाट दोन फुटांपेक्षा मोठा नको आणि जे केलंय त्याबद्दल मुलाला स्वतः बोलता आलं पाहिजे.

एकदा करून बघितलं आम्ही. पुस्तकात बाजू २३० मीटर आणि उंची १४६ मीटर दिलीय, ४० सेंटीमीटर बाजू घेतली तर उंची जवळजवळ साडेपंचवीस येते हे त्याने स्वतः गुणोत्तर मांडून काढलं, मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मग साडेपंचवीस उंचीचे चार त्रिकोण कापले, टेपने जोडले आणि उभं केलं तर एकदम बसकं, कुणीतरी वर बसून उठल्यासारखं. पट्टी लावली तर उंची सोळासुद्धा भरत नाही! जवळजवळ दहा सेंटीमीटर गेले कुठे? तो अगदी रडकुंडीला आला, म्हणाला आई मी गणित बरोबर केलं होतं.

म्हटलं असू दे, आधी रंग तरी कसा दिसतो बघू म्हणून त्यावरच पीओपी लावलं. आज चौथा दिवस, अजून हात लावला तर थंडगार ओलं लागतंय, पुठ्ठा मध्येच आत गेलाय आणि एका कडेला बुरशी धरलीय. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही, उन्हात ठेवायचं म्हटलं तर ऊन कुठून आणू.

तर माप कुठे चुकलं, या पावसात कसलं मॉडेल टिकेल आणि आतल्या खोल्या दाखवायच्या असतील तर कशा, एवढं कुणीतरी नीट सांगा. रेडीमेड आणायचं नाहीये. त्याला करायचंय.

डिचोलीचे गणित सर

ताई, मुलाचं गुणोत्तर अगदी बरोबर आहे, त्याला हे आधी सांगा. चूक त्याच्या पुढच्या पायरीत झालीय आणि ती मोठी माणसंही करतात.

साडेपंचवीस ही पिरॅमिडची उंची, म्हणजे टोकावरून ओळंबा सोडला तर जमिनीपर्यंत जेवढा दोरा लागेल तेवढी. पण तुम्ही कापलेला त्रिकोण सरळ उभा राहत नाही, तो आत कलतो. कौलारू घराचा वासा बघा, आढ्याची उंची जेवढी असते त्यापेक्षा वासा लांबच लागतो, उंचीएवढाच वासा कापला तर छप्पर चपटं होणार. तुमचं तेच झालं. ४० चा पाया आणि २५.५ चा उतार घेतला की टोक साधारण पावणेसोळावर येतं, तुम्ही मोजलेलं त्याच्याशी जुळतंय. सेंटीमीटर कुठेही गेलेले नाहीत.

आता माझं ऐका आणि बाजू ४० ऐवजी ४६ घ्या. मूळ बाजू २३० मीटर आहे, म्हणजे मॉडेलवरचा १ सेंटीमीटर बरोबर खरे ५ मीटर झाला, पुढची सगळी मापं तोंडी करता येतात आणि दोन फुटी पाटावर चारी बाजूंनी सात-सात सेंटीमीटर जागाही उरते. मूळ उंची साधारण १४६.६ मीटर, पाचाने भागा, २९.३ सेंटीमीटर.

सहावीत पायथागोरस आलेला नसतो, त्याची गरजही नाही. मोठ्या कागदावर आडवी रेघ २३ सेंटीमीटरची काढायची, म्हणजे बाजूच्या निम्मी. तिच्या एका टोकावर गुण्याने काटकोन करून उभी रेघ २९.३ ची. दोन्हींची मोकळी टोकं जोडायची आणि ती तिरकी रेघ पट्टीने मोजायची, ३७.३ च्या आसपास भरेल. तो झाला तुमचा वासा. मग पुठ्ठ्यावर ४६ ची रेघ, तिच्या बरोब्बर मध्यावर ३७.३ ची उभी रेघ, टोकं जोडा, झाला त्रिकोण. तपासायला त्याच्या दोन्ही तिरक्या कडा मोजा, प्रत्येकी ४३.८ भरल्या पाहिजेत. एक कमी एक जास्त आली तर काटकोन सरकलाय, कापू नका, परत काढा. मापं त्यालाच घेऊ दे, तुम्ही फक्त पट्टी धरा.

आणखी एक सांगतो, हे त्याने वर्गात सांगितलं तर बाईंना आवडेल. इजिप्तचे कारागीर कोन अंशांत मोजत नव्हते. त्यांचा एक हात म्हणजे सात तळवे, एक तळवा म्हणजे चार बोटं, आपल्याकडे पूर्वी हात-वीत-बोटं होती ना तसंच. एक हात वर चढलं की किती तळवे आत सरकायचं, यावरून ते उतार ठरवत, त्याला सेकेद म्हणत. खुफूच्या पिरॅमिडला हा आकडा साडेपाच तळवे येतो. सात वर, साडेपाच आत, म्हणजे १४ वर ११ आत. आता २९.३ ला २३ ने भागून बघा आणि १४ ला ११ ने भागून बघा.

फोंड्याहून आई

सर, तुमचे उपकार. रात्री जेवण झाल्यावर जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढलं त्याने, ३७ आणि वर दोन-तीन बारीक रेघा भरलं. भागाकार दोन्हीकडे १.२७ आले तेव्हा उठून बाबांना दाखवायला गेला.

त्याचा एक प्रश्न आहे, त्याच्या मित्राने चारी त्रिकोण समभुज घेतलेत, सगळ्या कडा सारख्या, ते सोपं नाही का म्हणतोय.

डिचोलीचे गणित सर

सोपं आहे, पिरॅमिडही चांगला दिसेल, पण तो खुफूचा नव्हे. समभुज घेतले की उतार ५५ अंशांच्या जवळ जातो, खुफूचा ५२ च्या थोडा आत आहे. ऐकायला तीन अंश, पण त्याच ४६ च्या बाजूवर उंची साडेबत्तीस येईल, म्हणजे खऱ्या मापात सोळा मीटरचा फरक. खुफूच्या वडिलांनी, स्नेफ्रूने, दहशूरला असाच ५४ अंशांहून जास्त चढ घेऊन पिरॅमिड सुरू केला होता, मध्येच उतार ४३ अंशांवर आणावा लागला, म्हणून तो आजही वाकलेला दिसतो. मित्राला म्हणावं तू दहशूरचा खालचा भाग केलायस.

पणजी ७७

एवढा त्रास कशाला, थर्माकोलचा ठोकळा आणा, गरम तारेने कापा, वरून वाळू चिकटवा, अर्ध्या तासात काम. पाऊस लागला तरी काही होत नाही.

साखळीची मावशी

थर्माकोल नको हो, शाळेतून परत आला की तो जातो कुठे, शेवटी ओहोळातच ना. आणि त्यांनी आधीच लिहिलंय मुलाला करायचंय म्हणून, गरम तार काय त्याच्या हातात देणार? शुगर क्यूबचाही विचार करू नका, दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीने केला होता अगदी सुंदर, एक-एक खडा रचून. जुलै महिना, सकाळी उठून बघतो तर खालच्या दोन थरांना पाझर फुटलेला आणि मुंग्यांची रांग लागलेली. ती पोर दोन दिवस धड जेवली नाही.

मडगावचा नरकासुरवाला

ताई, पीओपी विसरा, पावसाळ्यात ते लवकर सुकतच नाही आणि त्याचं ओलं वजन पुठ्ठ्याला झेपत नाही. आम्ही वाड्यावर दर वर्षी दिवाळीला नरकासुराचा पुतळा करतो, लहानपणापासून माझ्याकडे मुखवट्याचं काम आहे, तर तसंच करा, कागद आणि खळ.

आधी सांगाडा. नुसते चार त्रिकोण कडांना टेप लावून उभे केले तर ते मध्ये पोट काढणारच किंवा आत जाणार. आतून फासळ्या द्या. फ्रीजच्या नाहीतर टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या, दुकानदार देतात असाच. पायाच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंत अंतर साडेबत्तीस येतं, तेव्हा साडेबत्तीस आडवी आणि २९.३ उभी असे चार काटकोनी तुकडे कापायचे आणि मध्यापासून चार कोपऱ्यांकडे उभे करायचे, म्हणजे प्रत्येक कडेखाली एक-एक फासळी आली. त्यावर त्रिकोण ठेवले की हलणार नाहीत. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या येतील असं कापा, आडव्या आल्या तर तिथेच मोडतो.

मग खळ. मैदा थंड पाण्यात गुठळी न राहता कालवायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढऱ्याची जरा काचेसारखी झाली की उतरवायची. आमच्याकडे काहीजण बुरशी धरू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात पण ते विषारी असतं, मुलाच्या हातात देऊ नका. त्यापेक्षा अर्धी खळ अर्धं फेव्हिकॉल करा आणि रोज ताजी करा, उरलेली दुसऱ्या दिवशी वापरू नका, बुरशी तिथूनच येते. पेपर कात्रीने कापायचा नाही, हाताने फाडायचा, फाडलेली कड पातळ असते त्यामुळे जोड दिसत नाही. एक थर उभा, दुसरा आडवा. आणि दिवसाला एकच थर, कितीही घाई असली तरी. वरून कोरडं वाटतं पण आत ओल असते, त्यावर दुसरा थर चढवला की ती आत कोंडली.

सगळ्यात महत्त्वाचं, जेवढं बाहेरून लावाल तेवढंच आतूनही लावा. एकाच बाजूने ओलं केलं की पुठ्ठा त्या बाजूला वाकतो, रंगाचंही तेच, आतून एक हात पांढरा मारायचाच. सुकवायला टेबल फॅन पुरे, फक्त जमिनीवर ठेवू नका, पावसात लादीलाच घाम येतो, दोन काठ्यांवर ठेवा म्हणजे खालून वारा जाईल.

म्हापशाची इतिहासवाली

मापाचं आणि कागदाचं झालं, आता मी थोडं इजिप्तबद्दल बोलते कारण शाळेच्या प्रदर्शनात पिरॅमिड बघते तेव्हा चार-पाच गोष्टी सगळीकडे त्याच चुकलेल्या असतात आणि मुलांना कुणी सांगतच नाही.

पहिली गोष्ट रंगाची. तुम्ही १४६.६ उंची घेताय म्हणजे तुम्ही नवा, नुकताच बांधून झालेला पिरॅमिड करताय, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. तो पिवळा आणि पायऱ्या-पायऱ्यांचा नव्हता, नाईलच्या पलीकडच्या तुरा इथल्या खाणीतला पांढरा चुनखडीचा दगड घासून-पुसून वर बसवलेला होता, पृष्ठभाग सपाट. तो वरचा दगड नंतर निघाला, बराचसा कैरोच्या बांधकामांना गेला, टोकही गेलं, म्हणून आजची उंची साधारण १३८.५ मीटर आहे. तेव्हा दोनपैकी एक ठरवा. तेव्हाचा असेल तर २९.३ सेंटीमीटर, पांढरा, गुळगुळीत, टोकदार. आजचा असेल तर २७.७ च्या आसपास, मातकट, पायऱ्यांचा आणि वर सपाट. उंची तेव्हाची आणि रंग आजचा असं नको. मला विचाराल तर एका कोपऱ्यात थोडं आवरण न लावता आतल्या पायऱ्या दिसू द्या, दोन्ही गोष्टी एकाच मॉडेलवर सांगता येतील. शेजारच्या खाफ्रे राजाच्या पिरॅमिडच्या टोकाला अजून ते आवरण टोपीसारखं शिल्लक आहे, त्याचा फोटो शेजारी लावा.

दुसरं, उंट ठेवू नका. बाजारात प्लास्टिकचे उंट मिळतात म्हणून सगळे ठेवतात, पण खुफूच्या काळात बांधकामावर उंट नव्हते. गाढवं होती, बैल होते आणि दगड मुख्यतः माणसं ओढत, चाकाच्या गाडीवर नाही तर लाकडी घसरगाडीवर, आणि नाईलमधून होड्यांनी. तुम्ही १ ला ५ मीटर हे माप धरलंय तर माणूस साडेतीन मिलिमीटरचा होतो, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा. मोहरी चिकटवून माणसं दाखवा, खरं मोठेपण तेव्हा कळेल.

तिसरं म्हणजे गुलाम. हे प्लीज लिहू नका की गुलामांना चाबकाने मारून बांधून घेतलं. पिरॅमिडजवळ कामगारांची वस्ती खणून काढलीय, पावाच्या भट्ट्या सापडल्यात, गुराढोरांची आणि माशांची हाडं सापडलीत, म्हणजे त्यांना पोटभर खायला मिळत होतं. १९९० मध्ये तिथेच कामगारांच्या कबरी सापडल्या, राजाच्या पिरॅमिडच्या शेजारी, गुलामाला अशी जागा कोण देईल. हाडं मोडून नीट जुळलेली दिसतात, म्हणजे उपचारही होत होते. आणि २०१३ मध्ये लाल समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पपायरसचे तुकडे मिळाले, त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. तुराहून दगड होडीत भरले, गिझाला उतरवले, परत गेलो, असं दिवसावारी. खुफूच्या पिरॅमिडवर काम करणाऱ्या माणसाच्या टोळीने लिहिलेली नोंद आपल्या हातात आहे! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. साडेचार हजार वर्षांपूर्वी तो माणूस दिवसभराचं काम संपवून रात्री हिशोब लिहीत बसला असेल.

आतल्या खोल्यांबद्दल वेगळं लिहिते, चहा ठेवलाय.

म्हापशाची इतिहासवाली

हां, आतलं. मॉडेल उत्तर-दक्षिण रेषेवर कापल्यासारखं दोन अर्ध्यांत करा. मध्ये ४६ पाया आणि २९.३ उंचीचा त्रिकोणी पुठ्ठा उभा, त्यावर आतला नकाशा, पश्चिमेचा अर्धा त्याला पक्का चिकटवलेला आणि पूर्वेचा अर्धा टोपलीसारखा उचलून बाजूला ठेवता येईल असा. नरकासुरवाल्या भावाच्या फासळ्या दोन-दोन करून दोन्हीकडे वाटल्या जातील. खरे रस्ते बरोबर मध्यावर नाहीत, सात मीटर पूर्वेला आहेत, तुमच्या मापात दीड सेंटीमीटर, पण सहावीच्या मॉडेलला मधला पुठ्ठा चालेल, फक्त मुलाला ते माहीत असू दे.

दार उत्तरेकडच्या बाजूवर, जमिनीपासून १७ मीटर म्हणजे ३.४ सेंटीमीटर वर. तिथून खाली उतरणारा रस्ता आणि मग वर चढणारा रस्ता, दोन्हींचा चढ साधारण २६ अंश, कोनमापक नको, दोन चौकोन पुढे एक चौकोन वर असं धरलं की झालं. खाली जाणारा रस्ता खडकात जमिनीखाली ३० मीटरपर्यंत जातो, तिथे एक अर्धवट खोदलेली खोली आहे. म्हणजे तुमच्या पाटाखाली सहा सेंटीमीटर जागा लागेल, ही गोष्ट आधीच ठरवा, नंतर जमणार नाही. चपलांचं खोकं पालथं घालून त्यावर पाट ठेवता येईल. वर चढणारा रस्ता मोठ्या दालनात उघडतो, ४७ मीटर लांब आणि साडेआठ मीटर उंच, तिथून पुढे राजाची खोली, जमिनीपासून ४३ मीटरवर. मॉडेलमध्ये ती जेमतेम २.१ सेंटीमीटर लांब येते. एवढ्या मोठ्या डोंगरात एवढीशी खोली. तिच्याखाली राणीची खोली म्हणतात ती, २१ मीटरवर, बरोबर टोकाच्या खाली, पण तिथे राणीला पुरलेलं नव्हतं, नाव नंतर पडलंय.

आणि एक चौकट रिकामी ठेवा. २०१७ मध्ये म्युऑन नावाच्या कणांनी, जे आकाशातून येऊन दगडातूनही आरपार जातात, मोठ्या दालनाच्या वर एक लांब पोकळी दिसली. आत कुणी गेलेलं नाही. ती तुटक रेघेने दाखवा आणि प्रश्नचिन्ह काढा.

चिरेखाणीवरचा

मी इतिहासवाला नाही, पण वडिलांची चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची खाण होती पेडण्यात, दगडातलं थोडं कळतं म्हणून लिहितोय.

वर सगळं बरोबर लिहिलंय, पण मुलाला दगड म्हणजे काय ते हातात द्या आधी. आमचा चिरा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, आणि वाऱ्यावर पडला की घट्ट होतो. चुनखडीचंही तसंच काहीसं आहे, नव्याने काढलेला तासायला सोपा. त्या काळी त्यांच्याकडे लोखंडी हत्यारं नव्हती, तांब्याची छिन्नी आणि दगडाचेच गोटे, त्यात चुनखडी जमते पण राजाच्या खोलीचा ग्रॅनाइट नाही जमत, तो गोट्यांनी ठोकून-ठोकून आणि वाळू घालून घासून करावा लागला. तो आला आसवानहून, नदीने आठशेच्या आसपास किलोमीटर वरून. खोलीच्या छताला ग्रॅनाइटच्या नऊ शिळा आहेत.

बाकीचे दगड मिळून २३ लाखांच्या आसपास धरतात, सरासरी एक अडीच टनांचा. अडीच टन म्हणजे सिमेंटच्या पन्नास पोती. मी चिरे ट्रकात चढवलेत, एक चिरा डोक्यावर घेऊन फळीवरून चढताना पाय कसा थरथरतो ते मला माहीतै, आणि तो तर एकटा माणूस उचलतो. म्हणून मला ती माणसं जवळची वाटतात.

आता कामाची गोष्ट. आसवानचा ग्रॅनाइट तांबूस असतो. तर घराजवळ चिऱ्याचा तुकडा मिळेलच, तो दुसऱ्या चिऱ्यावर घासा, लाल पूड पडेल, ती फेव्हिकॉलवर भुरभुरवा आणि फक्त राजाच्या खोलीला लावा. बाकी सगळं पांढरं आणि मध्ये तेवढीच लाल खोली, लांबून दिसेल. दगड बाहेरून वेगळा आणि आतून वेगळा का, हे मग त्याला पाठ करावं लागणार नाही.

भोवती वाळू पसरणार असाल तर किनाऱ्यावरची तशीच आणू नका. मीठ असतं, हवेतलं पाणी ओढते, दोन दिवसांत पाट ओला. तीन-चार पाण्यांनी धुवायची आणि जुन्या तव्यावर भाजून घ्यायची.

म्हापशाची इतिहासवाली

चिऱ्याची पूड! हे मला सुचलं नसतं.

वाळूवरून आठवलं, ताई, जागा असेल तर शेजारी एक ट्रे ठेवा. इजिप्तमध्ये जेहुतिहोतेपच्या थडग्यात एक चित्र होतं, पिरॅमिडच्या काळानंतरचं, त्यात प्रचंड पुतळा घसरगाडीवरून ओढतायत आणि एक माणूस पुढे उभा राहून वाळूवर पाणी ओततोय. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी तपासलं तर वाळू योग्य तेवढी ओली असली की ओढायला लागणारा जोर जवळजवळ निम्मा होतो, सुकी वाळू पुढे ढीग करते आणि फार ओली केली तर पुन्हा जड जातं. आपल्या मुलांना हे सांगायलाच नको, मिरामारला पाण्याच्या कडेने सायकल चालते आणि वर सुक्या वाळूत रुतते, सगळ्यांनी बघितलंय.

दगड वर कसे चढवले, कसला उतार बांधला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, तेव्हा गोल-गोल रॅम्प दाखवून हेच खरं असं लिहू नका. पण इजिप्तमधल्याच हातनूबच्या खाणीत २०१८ मध्ये खुफूच्या काळातला एक तीव्र उतार सापडला, दोन्हीकडे पायऱ्या आणि खांब रोवायची भोकं, खांबाला दोर गुंडाळून ओढत असणार. तसा छोटा उतार आगपेटीच्या काड्या रोवून करता येईल.

पणजी ७७

मी आधी थर्माकोल म्हटलं ते मागे घेतो. माझीही मुलगी पाचवीत आहे, हा धागा सेव्ह करून ठेवलाय.

फोंड्याहून आई

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं, काल शाळेत पोचवला.

चौदा दिवस लागले. पहिले दोन दिवस नुसतं मापात, एका त्रिकोणाची कड ४३.८ च्या जागी ४४.५ आली तर त्याने स्वतःच रद्द केला, सरांनी सांगितलंय म्हणाला. खळ रोज संध्याकाळी मी करून द्यायचे आणि पेपर तो फाडायचा, एक थर दिवसाला. चौथ्या दिवशी दुसरा थर घालूया म्हणून मीच घाई करत होते, त्याने घालू दिला नाही. कुठेही वाकला नाही, बुरशीचा एक डाग नाही. फॅन मात्र रात्रभर चालू होता आणि सासूबाई दर दोन तासांनी उठून तो फिरवायच्या.

पूर्वेची बाजू उचलली की आत पांढऱ्या कागदावर रस्ते आणि मध्ये ती लाल खोली. चिऱ्याचा तुकडा मागच्या अंगणात पडलेला होता, त्याने घासला, हात लाल, शर्टही लाल. राजाच्या खोलीत त्याला एक शवपेटी ठेवायची होती, ग्रॅनाइटची खरी पेटी अजून तिथे आहे असं त्याने वाचलं, तर तांदळाचा एक दाणा त्याच पुडीत घोळवून ठेवला. मोहरीची माणसं बहात्तर आहेत, मोजलीत त्याने.

ट्रेचंही केलं. मासे तोलायचा लटकवायचा काटा होता घरी, त्याला आगपेटीची घसरगाडी बांधली आणि वर बॅटरीचे सेल ठेवले. सुक्या वाळूत काटा ९० ग्रॅमवर जायचा, थोडं पाणी शिंपडल्यावर ५० ते ५५, आणि जास्त पाणी ओतलं तर परत ८० च्या वर. दहा-दहा वेळा ओढून वहीत लिहिलंय.

टीचरनी मेरेरबद्दल विचारलं त्याला, तो कोण. तर म्हणाला मुकादम होता, होडीवर दगड आणायचा आणि रोज वही लिहायचा. मग स्वतःची वही पुढे केली.

ट्रे शाळेतच ठेवून घेतलाय, चवथीनंतर वर्गातल्या सगळ्या मुलांना ओढून बघायला देणार आहेत. पिरॅमिड घरी आणायची परवानगी मिळालीय, आता गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान येईपर्यंत तो हॉलमध्येच राहील, पुढे कुठे ठेवायचा ते बघू.